ट्रान्समिट दाबलं की यूएसबी गळते: शॅकमध्ये शिरणाऱ्या आरएफचा माग

शेजारच्या काकूंनी तिसऱ्यांदा दार वाजवलं तेव्हा मी शॅकमध्ये, म्हणजे माझ्या हॅम (हौशी) रेडिओच्या खोलीत, ४० मीटरच्या बँडवर (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) एफटी८ करत बसलो होतो. "अरे, आमची बेल वाजते. दार उघडावं तर बाहेर कोणीच नाही. आणि बरोब्बर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने वाजते हं! तुझं काही चालू आहे का?" चालू होतंच. एफटी८ म्हणजे कॉम्प्युटरकरवी रेडिओवर छोटे संदेश पाठवायची पद्धत; तिच्यात पंधरा सेकंदांचा एक डाव पाठवण्याचा आणि पुढचा पंधरा सेकंदांचा ऐकण्याचा. काकूंनी घड्याळ लावून माझं वेळापत्रकच सांगितलं होतं.

माझ्या टेबलावर त्याच वेळी काय चाललं होतं ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही. ट्रान्समिट सुरू झालं की दोन-तीन सेकंदांत लॅपटॉप तो ओळखीचा 'टुडुंग' आवाज काढायचा, यूएसबी साउंडकार्ड नाहीसं व्हायचं, सॉफ्टवेअर लाल चौकट दाखवून रुसायचं आणि रिग (रेडिओ संच) ट्रान्समिटमध्येच अडकून राहायचा. मग केबल उपसा, पुन्हा खोचा, सॉफ्टवेअर बंद करून परत चालू करा. एसएसबीवर, म्हणजे तोंडी बोलण्यावर, गेलं तर समोरचा हॅममधली नेहमीची हाक मारून म्हणायचा, "ओएम, ऑडिओ फाटतोय, माइक जरा लांब धरा." माइक लांब धरून काही होत नव्हतं, कारण बिघाड माझ्या आवाजात नव्हताच, शॅकमध्ये परत शिरणाऱ्या आरएफमध्ये, म्हणजे रेडिओ लहरींच्या विजेत, होता.

हा त्रास दोन वर्षांत तीनदा 'बरा' झाला आणि तीनदा परत आला. त्यातला निम्मा वेळ चुकीच्या जागी शोधण्यात गेला, म्हणून तो शोध चुकांसकट लिहितोय.

माझी मांडणी आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. इमारत तळमजला अधिक तीन, मी तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची. रिग १०० वॉटचा, एफटी८ला ५० वॉटवर ठेवलेला. अँटेना म्हणजे २० मीटर तार, एका टोकाकडून फीड केलेली (पॉवर दिलेली) अर्धतरंग, म्हणजे तरंगलांबीच्या निम्मी, ४९:१ ट्रान्सफॉर्मरच्या डबीतून. डबी गच्चीच्या कठड्यावर, नेमकी माझ्या खिडकीच्या डोक्यावर. तिथून आरजी-५८ कोॲक्स (मधे तार, भोवती जाळी अशी केबल) खिडकीतून आत, थेट रिगला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या निम्म्या हॅम लोकांची मांडणी थोड्याफार फरकाने हीच असते.

आधी उंबरठा शोधा

आरएफ अडवण्यासाठी केबलवर चढवायचे फेराइटचे तुकडे विकत घेण्याआधी तीन चाचण्या करा. एका संध्याकाळचं काम आहे.

पहिली, डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर. अँटेनाची केबल काढून रिगला डमी लोड लावा आणि त्याच पॉवरवर पाठवा. विकतचा नसेल तर १००० ओहमचे २ वॉटचे वीस मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडा. ५० ओहम आणि ४० वॉट मिळतात, दहा-पंधरा सेकंदांच्या चाचणीला पुरे. वायरवाउंड नकोत, ती चक्क गुंडाळी असते. डमी लोडवर यूएसबी शांत राहिली तर दोष रिगमध्ये नाही. बाहेर गेलेली आरएफच घरी परत येतेय. डमी लोडवरही गळाली तर रिगपाशीच बघा: छोट्या जंपरचा कच्चा सोल्डर केलेला पीएल-२५९ कनेक्टर, ढिला डीसी प्लग, नाहीतर रिगचा स्वतःचा दोष. माझ्याकडे डमी लोडवर सगळं अगदी गुपचूप होतं.

दुसरी चाचणी म्हणजे उंबरठ्याची, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. पॉवर ५ वॉटवर आणा आणि हळूहळू वाढवत न्या. नेमक्या किती वॉटला यूएसबी गळते ते प्रत्येक बँडवर लिहून ठेवा. ४० मीटरवर माझा उंबरठा १५ वॉट होता. हा आकडा नसेल तर पुढे केलेल्या प्रत्येक उपायाबद्दल "जरा बरं वाटतंय" यापलीकडे काही म्हणता येत नाही. आणि एक गणित ध्यानात ठेवा: पॉवर करंटच्या वर्गाने वाढते. भटका करंट दहा पटींनी कमी केला तर उंबरठा शंभर पटींनी वर जातो. त्यामुळे उपाय खरा असेल तर फरक डोळ्यांत भरतो. उंबरठा १५ वरून १८ वर गेला, तर तो उपाय नव्हे, योगायोग.

तिसरी चाचणी: ५ वॉटवर कॅरिअर (सलग सिग्नल) ठेवून कोॲक्सच्या बाहेरच्या प्लास्टिकवर मूठ आवळा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या पॉवरचं माप) बघा. चांगल्या मांडणीत काटा हलत नाही. माझा १.४ वरून १.९ वर गेला. म्हणजे मी धरलेली ती केबल नव्हती, अँटेनाचाच तुकडा होता. ही चाचणी जास्त पॉवरवर करू नका आणि ट्रान्सफॉर्मरच्या डबीजवळ तर मुळीच नको. अर्धतरंग तारेच्या टोकाशी इंपिडन्स (आरएफला होणारा विरोध) अडीच हजार ओहमच्या आसपास असतो. १०० वॉटला तिथे जवळजवळ ५०० व्होल्ट आरएमएस येतात. आरएफचा चटका वरून बारीक दिसतो, पण आतून भाजतो आणि बरा व्हायला वेळ घेतो.

दोन तारांची केबल, तीन वाटा

कोॲक्सला दोन वाहक असतात असं आपण परीक्षेत लिहितो. आरएफला ते तीन दिसतात. मधली तार, जाळीचा आतला पृष्ठभाग आणि जाळीचा बाहेरचा पृष्ठभाग. स्किन इफेक्टमुळे आरएफ धातूच्या कातडीवरूनच चालते. जाळीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगावरच्या करंटना एकमेकांची खबर नसते. रिगमधून निघालेली पॉवर मधली तार आणि जाळीचं आतलं अंग यांच्यातून सुखरूप अँटेनापर्यंत जाते. तिथे केबल संपते, आणि जाळीच्या आतून आलेल्या करंटला बाहेरच्या अंगावर वळण घेऊन परत फिरायला रान मोकळं मिळतं.

टोकाला फीड केलेल्या तारेत हे हमखास होतं. ट्रान्सफॉर्मर तारेत करंट ढकलतो तेव्हा तेवढाच करंट दुसऱ्या बाजूला कुठेतरी जावा लागतो. काउंटरपॉइज (परतीच्या करंटसाठी वेगळी तार) दिलं नसेल तर ती दुसरी बाजू म्हणजे तुमच्या कोॲक्सची जाळी. ती खिडकीतून आत येते, रिगच्या चासीला भेटते आणि तिथून यूएसबी, माइक, पॉवर सप्लाय, लॅपटॉपचा चार्जर, भिंतीतलं वायरिंग अशी घरभर फिरते. काकूंची बेल त्या वाटेवरचं शेवटचं स्टेशन.

"ओएम, अर्थिंग बघा आधी"

सकाळच्या नेटवर (ठरल्या वेळी भरणाऱ्या हॅम लोकांच्या रेडिओ-सभेत) त्रास सांगितला की हे उत्तर ठरलेलं. ज्येष्ठांचा मान राखून मी अर्थिंग केलं. सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी काढली, बागेच्या कोपऱ्यात खड्डा खणला, तांब्याचा रॉड, कोळसा, मीठ, सगळं साग्रसंगीत. तिथून सहा चौरस मिलीमीटरची हिरवी तार भिंतीवरून सरळ तिसऱ्या मजल्यावर, रिगच्या अर्थ टर्मिनलला. एक रविवार आणि दोन्ही तळहातांची सालं गेली.

परिणाम: ४० मीटरवर उंबरठा १५ वरून ८ वॉटवर आला. म्हणजे बिघडलं. २० मीटरवर मात्र जवळपास बरं झालं. १५ मीटरवर पुन्हा बिघडलेलं. मला वाटलं रॉड नीट बसला नाही, म्हणून आणखी दोन बादल्या पाणी ओतलं.

पाणी ओतून काय होणार! तार साडेदहा मीटर लांब होती. ७.१ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ४२ मीटर, तिचा चतुर्थांश साडेदहा मीटर. चतुर्थांश तरंग लांबीच्या तारेचं खालचं टोक जमिनीला बांधलं की वरच्या टोकाला आरएफसाठी ती जवळजवळ तुटलेली असते. मी रिगला अर्थ दिलंच नव्हतं. ४० मीटरवर उत्तम चालेल असा एक उभा चतुर्थांश रेडिएटर शॅकमध्ये आणून बांधला होता. १४ मेगाहर्ट्झवर हीच तार अर्धतरंग होते, आणि खालचं टोक वर जसंच्या तसं उमटतं, म्हणून २० मीटरवर आराम पडला. २१ मेगाहर्ट्झवर पाऊण तरंग, म्हणून पुन्हा त्रास. वही काढून हे आकडे आधी मांडले असते तर खड्डा वाचला असता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अर्थिंग वीज आणि शॉक यांच्यासाठी असतं. पहिल्या मजल्याच्या वर राहणाऱ्याने आरएफ जमिनीत सोडून द्यायची आशा धरू नये. आरएफ नळाच्या पाण्यासारखी निचरा होऊन जात नाही, ती वाट मिळेल तिकडे फिरते. तिची वाट बंद करायची.

पण याचा उलटा अर्थ काढू नका. भिंतीतल्या तीन पिनी सॉकेटचं अर्थिंग तोडायचं नाही, पॉवर सप्लायची तिसरी पिन कापायची नाही, कोणी कितीही सांगो. आणि माझ्यासारखा वेगळा रॉड ठोकला असेल तर तो इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जाड तारेने जोडलेला हवा. तसं नसेल तर वीज पडल्यावर किंवा लाइन कुठे टेकल्यावर दोन अर्थमध्ये मोठा व्होल्टेज फरक येतो आणि तो पडतो तुमच्या रिगवर. माझा जोडलेला नव्हता. वळवाच्या दिवसांत मी तो तसाच वापरला, ही या सगळ्या प्रकरणातली खरी घोडचूक. पुढे ती तार मी काढून टाकली.

करंट डोळ्यांनी बघायचा तर

दुसऱ्या फेरीत मी यूएसबी केबलवर मिळतील तितके चिमटे-फेराइट (केबलभोवती चिमट्यासारखे बंद होणारे) लावले. सहा लावले. उंबरठा २५ वॉटवर गेला आणि मी जाहीर करून टाकलं की प्रश्न मिटला. महिनाभराने १५ मीटरचा बँड उघडला, म्हणजे त्यावर लांबची स्टेशनं ऐकू यायला लागली, तेव्हा तो पुन्हा समोर आला. तेव्हा ठरवलं की आता अंदाज पुरे, मोजायचं.

मोजायचं यंत्र घरी होतं. उघडझाप होणारा एक चिमटा-फेराइट घ्या. त्याच्या एका अर्ध्या भागावर बारीक एनॅमल तारेचे दहा वेढे द्या. दोन टोकांमध्ये ५१ ओहम, मग एक जर्मेनियम डायोड (ओए७९ अजूनही मिळतो), ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. चिमटा कोॲक्सभोवती बंद करायचा. मधल्या तारेतला आणि जाळीच्या आतला करंट समान आणि उलट दिशेचे, त्यामुळे चिमट्याला त्यांचा पत्ता लागत नाही. दिसतो फक्त जाळीच्या बाहेरचा. तिथे १०० मिलीअँपिअर असतील तर दहा वेढ्यांच्या बाजूला १० मिलीअँपिअर येतात, आणि ५१ ओहमवर साधारण अर्धा व्होल्ट. डायोडमुळे आकडा अगदी अचूक नसतो; आपल्याला अचूक नकोच आहे, आधीचा आणि नंतरचा हवा आहे. मल्टिमीटरच्या वायरी छोट्या ठेवा, नाहीतर त्याच अँटेना होतात.

५० वॉटला ५० ओहममध्ये बरोबर १ अँपिअर करंट जातो. माझ्या खिडकीपाशी चिमटा ०.६ व्होल्ट दाखवत होता. एकातला दहावा हिस्सा आणि वर थोडा, उलट पावली घरात येत होता. चिमटा केबलवरून सरकवत नेला तर आकडा कमीजास्त होतो. ती केबलवर उभी राहिलेली लाट. म्हणून एकाच जागी मोजून निकाल देऊ नका. मी दर मीटरला इन्सुलेशन टेपची खूण केली आणि प्रत्येक वेळी त्याच खुणांवर मोजलं.

मग हाच चिमटा यूएसबी केबलवर, माइकच्या तारेवर, डीसी लीडवर, लॅपटॉपच्या चार्जरवर फिरवला. सगळ्यात जास्त करंट चार्जरच्या तारेत निघाला, यूएसबीत त्याच्या निम्माही नव्हता. मी सहा फेराइट कुठे लावले होते? यूएसबीवर.

चोक

उपाय जुना आहे: चोक, म्हणजे केबलच्या बाहेरच्या अंगावरचा करंट अडवणारी जोडणी. स्वित्झर्लंडच्या गुस्ताव ग्वानेलाने १९४४ साली करंट बालनची (दोन्ही वाहकांतला करंट समान ठेवणाऱ्या जोडणीची) मांडणी प्रसिद्ध केली. १९८३ साली अमेरिकेतल्या वॉल्टर मॅक्सवेल (हॅम सांकेतिक नाव डब्ल्यू२डीयू) यांनी कोॲक्सवर फेराइटचे मणी माळेसारखे ओवून तेच काम सोपं केलं. तत्त्व एकच: जाळीच्या बाहेरच्या अंगावरच्या करंटला इतका अडथळा करायचा की त्याने नाद सोडावा. आतून जाणाऱ्या सिग्नलला त्याचा पत्ताही लागत नाही.

अडथळा किती हवा? ५०० ओहमला काही जण चोक म्हणतात. मी म्हणत नाही. निदान दोन-तीन हजार, जमलं तर पाच हजार ओहम, आणि तोही मुख्यतः रेझिस्टिव्ह. कारण निव्वळ गुंडाळीचा इंडक्टिव्ह अडथळा आणि केबलच्या बाहेरच्या अंगाचा कपॅसिटिव्ह इंपिडन्स एकमेकांना खाऊन टाकू शकतात, आणि चोक लावल्यावर करंट वाढतो. ४ इंची पीव्हीसी पाइपवर सहा-सात मीटर कोॲक्स गुंडाळून केलेला चोक एका बँडवर झकास आणि दुसऱ्यावर निकामी का, त्याचं कारण हेच. फुकटात होतो, करून बघायला हरकत नाही, पण मल्टिबँड तारेला त्याच्यावर विसंबू नका. फेराइटचा अडथळा रेझिस्टिव्ह असतो, म्हणून तो रुंद पट्ट्यात चालतो.

फेराइट कुठलं, हा बाजारातला खरा घोळ. एचएफसाठी ३१ नंबरचं मिश्रण सगळ्यात सोयीचं, खालच्या बँडवर तर नक्कीच. ४३ नंबर वरच्या एचएफ बँडवर चांगलं. ६१ नंबर या कामाला नाही. एफटी२४०-३१ म्हणजे २.४ इंच व्यासाचं कडं. परदेशातून मागवलं तर कस्टमसकट खिशाला लागतं. पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला भंगारातलं कडं हातात देतात, "घ्या साहेब, सेम आहे." पिवळ्या अंगाचं आणि एका बाजूने पांढरं असेल तर परत करा. ते कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधलं लोखंडी भुकटीचं कडं, चोकला कुचकामी. जुन्या मॉनिटर केबलच्या टोकाचे दंडगोल आणि जुन्या टीव्हीच्या डिफ्लेक्शन योकचं फेराइट मात्र करून बघण्यासारखं.

नॅनोव्हीएनए (आरएफ मोजणारं छोटं यंत्र) असेल तर भंगाराची परीक्षा घरी होते. ज्या कोॲक्सचा चोक केलाय तिची फक्त जाळी दोन पोर्टांमध्ये मालिकेत जोडा आणि एस२१ (एका पोर्टातून दुसऱ्यात पोचणारा सिग्नल) बघा. ५०० ओहमला सुमारे १५.६ डेसिबल घट दिसते, १००० ओहमला २०.८, आणि ५००० ओहमला ३४. मी भंगारातली चार कडी आणली होती. दोन बारा वेढ्यांनंतरही १० डेसिबलपुढे गेली नाहीत. ती आता कागदावर वजन म्हणून कामाला आहेत.

वेढ्यांचं गणित चिमट्यांच्या माळेपेक्षा फार उदार आहे. केबल भोकातून एकदा गेली की एक वेढा. एका चिमट्यातून एकदाच गेलेली केबल ७ मेगाहर्ट्झवर काही दहा ओहमच देते, म्हणजे माझे ते सहा चिमटे मिळून दीड-दोनशे ओहम. तीच केबल एकाच कड्यातून पाच वेळा काढली तर पंचवीस पट, कारण अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो. फार वेढे दिले की वेढ्यांमधला कपॅसिटन्स आडवा येतो आणि वरच्या बँडवर घसरण होते. मी एफटी२४०-३१ वर आरजी-५८ चे बारा वेढे दिले. कोॲक्सला कचकन वाकवू नका. आतली तार उन्हात मऊ झालेल्या प्लास्टिकमधून हळूहळू जाळीकडे सरकते आणि एप्रिलमध्ये शॉर्ट होते.

लावायचा कुठे, यात मी पुन्हा एकदा चुकलो. टोकाला फीड केलेल्या तारेत चोक थेट डबीला लावला आणि काउंटरपॉइज दिलं नाही, तर तुम्ही परतीची एकमेव वाट बंद केलीत. करंट मग चोकवर डोकं आपटत राहतो. चोक तापतो, एसडब्ल्यूआर भलतीकडे जातो. आधी काउंटरपॉइज द्या: तरंगलांबीच्या सुमारे पाच टक्के, ४० मीटरसाठी २ मीटरची तार, डबीच्या ग्राउंड टर्मिनलवरून मोकळी सोडलेली. मग त्या टर्मिनलनंतर लगेच चोक. काउंटरपॉइज नकोच असेल तर डबीपासून दोनेक मीटर कोॲक्स मोकळी सोडून मग चोक लावा, म्हणजे तेवढी जाळीच काउंटरपॉइजचं काम करते. चोक हाताला गरम लागत असेल तर बहुधा तो कमी पडतोय, आणि उत्तर जास्त वेढे किंवा दुसरं कडं.

दुसरा चोक खिडकीत, केबल आत येते तिथे. कारण पहिल्या चोकनंतरची उघडी कोॲक्स अँटेनाच्या शेजारूनच येते आणि नव्याने आरएफ उचलते.

आणि डबी मी खिडकीच्या डोक्यावरून हलवली, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यापाशी. ते ५०० व्होल्टचं टोक टेबलापासून चार मीटरवर ठेवायचं आणि मग टेबलावर उपाय शोधायचे, हे कुठलं शहाणपण? कोॲक्स २८ मीटर झाली, ४० मीटरच्या बँडवर सिग्नलचा एक डेसिबलच्या आसपास भाग केबलमध्ये गेला. तो मी आनंदाने दिला.

त्या संध्याकाळी खिडकीतल्या खुणेवर चिमट्याने ०.०२ व्होल्ट दाखवले. उंबरठा सापडेना, १०० वॉटलाही यूएसबी जागची हलली नाही. आणि ज्याची अपेक्षा नव्हती तेही झालं: ४० मीटरवरचा गोंगाट रिगच्या सिग्नल मीटरवर एस७ वरून एस५ वर आला. आरएफ ज्या वाटेने घरात येत होती, त्याच वाटेने घरातल्या एलईडी बल्बांची आणि चार्जरांची कचकच अँटेनाकडे जात होती.

टेबलावरचं उरलेलं

चोकनंतर टेबलावर फार काही उरत नाही, पण जे उरतं ते थोडक्यात. रिग, पॉवर सप्लाय, ट्यूनर, लॅपटॉपचं धातूचं अंग, सगळे जुन्या जाड कोॲक्सच्या सोललेल्या जाळीने एकमेकांना जोडा, आखूड आणि रुंद, आणि सगळ्यांची वीज एकाच सॉकेटवरून घ्या. सगळी उपकरणं एकाच व्होल्टेजवर वर-खाली झाली तर त्यांच्यामधल्या तारांत करंट वाहायला कारण राहत नाही. यूएसबी केबल आखूड घ्या, उरलेली गुंडाळी करून मागे टाकू नका. यूएसबी आयसोलेटरबद्दल खूप विचारणा होते. तो ५० हर्ट्झची घरघर आणि ग्राउंड लूप छान तोडतो, पण त्याच्या दोन बाजूंमध्ये थोडा कपॅसिटन्स असतोच आणि आरएफला तेवढी फट पुरते. म्हणून आयसोलेटर चोकऐवजी चालत नाही, चोकच्या जोडीला चालतो.

माइकमधून शिरणाऱ्या आरएफचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. माइकच्या तारेची जाळी चासीला न जोडता आत सर्किट बोर्डाच्या ग्राउंडवर नेलेली असते. जाळीवरचा करंट मग थेट ऑडिओच्या पोटात. नील मन्सी यांनी १९९५ साली ध्वनियंत्रणांसाठी हा दोष उकलून दाखवला, तेव्हापासून त्याला 'पिन वन'चा दोष म्हणतात. अशर फरहान यांच्या बिटएक्स या छोट्या रिगचा बोर्ड प्लास्टिकच्या जेवणाच्या डब्यात बसवणारे आपल्यात कमी नाहीत. मीही बसवला आहे. सात वॉटला तो डबा गोड चालतो. लिनिअर (पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर) जोडलं की किंचाळतो. पत्र्याचा डबा घ्या आणि माइकची जाळी सॉकेटपाशीच पत्र्याला सोल्डर करा.

काकूंची बेल ४० मीटरवर चोकनेच गप्प झाली, १५ मीटरवर अधूनमधून कुरकुरत होती. दारावरच्या बटणापासून बेलपर्यंत चारेक मीटर बारीक तार, म्हणजे २१ मेगाहर्ट्झला चतुर्थांशाच्या जवळ. एका रविवारी मेन बंद करून, त्या तारेचे बेलच्या अगदी जवळ एका कड्यातून आठ वेढे दिले. काकूंनी चहा दिला आणि विचारलं, "आता आमचे फोनवरचे बोलणे ऐकू येत नाही ना तुला?"

जुलैत परत

मिटलं असं समजलो होतो. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, चार दिवसांच्या संततधारेनंतर, टुडुंग.

या वेळी खड्डा खणला नाही. चिमटा खिडकीतल्या खुणेवर लावला: ०.३५. म्हणजे टेबलावर काही शोधायचं नाही, वर गच्चीवर जायचं. चोकची डबी उघडली तर तळाशी बोटभर पाणी. काउंटरपॉइजचा लग (तार अडकवायचं धातूचं टोक) हिरवागार, त्याचा लोखंडी नट गंजून हातात मोडला. काउंटरपॉइज नावालाच लटकत होतं आणि सगळा करंट पुन्हा जाळीवर आला होता. खाली पीएल-२५९ उघडला, तर जाळी काळी पडलेली. पाणी केबलच्या आत हातभर चढलं होतं. तेवढी केबल कापून टाकली.

स्टेनलेसचे नट-बोल्ट लावले. डबीच्या तळाला ३ मिलीमीटरची दोन भोकं पाडली, कारण पाणी आत जातंच, त्याला बाहेर यायला दार हवं. केबल डबीत खालून शिरते अशी फिरवली आणि तिला झोल दिला, म्हणजे पागोळी झोलाच्या तळाशी गळते. कनेक्टरवर ताणून लावायचा एकजीव होणारा रबर टेप, आणि त्याच्यावर साधा काळा टेप, नाहीतर उन्हाने रबर टेप वर्षभरात भेगाळतो.

आता खिडकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला मार्करने एक तक्ता काढलाय. महिना, बँड, चिमट्याचा आकडा. मे महिन्यात ४० मीटरवर ०.०२ होता, पावसाळ्याच्या तोंडावर ०.०२, ऑगस्टच्या अखेरीस ०.०४. या रविवारी पाऊस उघडला तर पान्हा घेऊन वर जाऊन येईन.